मराठी शब्दकोडं रचायचं कसं? घर, अक्षर, काना-मात्रा (आणि जोडीला तर्ककोडी)

उभा_आडवा
शब्दकोडी सोडवणारे पुष्कळ आहेत, रचणारे फार थोडे. गणेशोत्सवाची स्मरणिका, दिवाळी अंक, महाराष्ट्र मंडळाचं वार्तापत्र, वाचनालयाचा फळा, सगळीकडे कोडं हवं असतं. मग कुणीतरी इंग्रजी कोड्याची जाळी घेऊन तिच्यात मराठी शब्द बसवायला जातो आणि तिसऱ्या ओळीत अडकतो. ते का होतं आणि त्यावर काय करायचं, हे इथे एकत्र लिहून ठेवू.

पहिलं आधुनिक शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये दिलं. जाळी हिऱ्याच्या आकाराची होती आणि एका घरात एक रोमन अक्षर. तिथे घरात येऊ शकणाऱ्या खुणा फक्त २६. मराठीत घरात अख्खं अक्षर बसतं, म्हणजे व्यंजन आणि त्याचा काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं मिळून. क ते ळ ही ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ रूपं धरली तर ४०८ झाली. स्वर आणि जोडाक्षरं वेगळीच. उभा आणि आडवा शब्द जिथे भेटतात तिथे हे पूर्ण अक्षर जुळावं लागतं. 'का'च्या जागी 'क' चालत नाही.

म्हणून इंग्रजीसारखी प्रत्येक घर दोन्हीकडून तपासलं जाणारी दाट जाळी मराठीत हट्टाने करू नये. ९×९ ची जाळी घ्या. ८१ पैकी २४ ते २८ घरं काळी ठेवा, आणि शब्दाचं एकाआड एक अक्षर छेदलं जाईल एवढंच बघा. काळ्या घरांची मांडणी कागद उलटा धरला तरी तशीच दिसावी. हा शोभेचा नियम आहे, पण तो पाळला की एका कोपऱ्यात गर्दी आणि दुसऱ्यात ओसाडी असं होत नाही.

काना_मात्रा
चांगला धागा. जाळी आखण्याआधी दोन नियम भिंतीवर लावून ठेवावेत असे आहेत.

पहिला: मराठी शब्द ळ किंवा ण ने सुरू होत नाही. त्यामुळे ज्या घरातून शब्द सुरू होतो तिथे ही अक्षरं येता कामा नयेत, मात्रा कुठलीही असो.

दुसरा: मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. कवी, गुरू, मती. 'आणि', 'परंतु' असे मोजके शब्द सोडले तर कि, सु, ति, पु ही अक्षरं शब्दाच्या शेवटच्या घरात येऊ शकत नाहीत.

'पुरणपोळी' घ्या. पु, र, ण, पो, ळी अशी पाच घरं. हा शब्द वरच्या पहिल्या ओळीत टाकलात तर त्या ओळीतून उभे शब्द सुरू होतात, म्हणजे तिसरं (ण) आणि पाचवं (ळी) घर मेलं. तोच शब्द सगळ्यात खालच्या ओळीत टाका. आता उभे शब्द तिथे संपतात. ण वर संपणारे वळण, कारण, आठवण. ळी वर संपणारे दिवाळी, टाळी, सकाळी. हवे तेवढे मिळतील. पु वर संपणारा शब्द मिळणार नाही, पो वरचे 'डेपो'सारखे मोजकेच, म्हणून पहिल्या आणि चौथ्या घराच्या वर काळं घर ठेवा. छेद तिसऱ्या आणि पाचव्या घरात घ्या. एकच शब्द, जागा बदलली की अशक्याचा सोपा होतो.

ऱ्हस्व-दीर्घ आणखी एका ठिकाणी फसवतो. 'गरीब'मध्ये री आहे, 'गरिबी'मध्ये रि. वकील पण वकिली. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर उपान्त्य (शेवटून दुसरं) दीर्घ, शेवटचं दीर्घ असेल तर मराठी शब्दात उपान्त्य ऱ्हस्व. तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द मात्र मूळ वळण ठेवतात: पूजा, परीक्षा. अर्ध्या जाळीनंतर 'गरीब'चं 'गरिबी' करून शब्द लांबवायला गेलात तर मधला छेद तुटतो आणि ते पटकन लक्षात येत नाही.

पाटी_पेन्सिल
जोडाक्षरांचं काय करायचं? 'सूर्य'ला दोन घरं की तीन? मुलांसाठी करताना यावर वाद होतो.

काना_मात्रा
@पाटी_पेन्सिल, दोन. सू, र्य. जोडाक्षर नेहमी एका घरात. क्ष, ज्ञ, त्र, श्र तसेच. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्या अक्षराबरोबरच राहतो. 'विद्यार्थी' तीन घरांचा: वि, द्या, र्थी. अनुस्वाराला वेगळं घर नाही, 'संगत'चं सं एकच. 'पाऊस'मधला ऊ हा पूर्ण स्वर आहे, त्याला स्वतंत्र घर. 'सूर्या' आणि 'सुऱ्या' दोन्ही दोन घरांचे, पण र्या आणि ऱ्या ही वेगळी अक्षरं आहेत, एकमेकांवर छेद चालणार नाही.

काही जण छेदाच्या घरात काना-मात्रा दुर्लक्षित करतात. तसं करायचं तर कोड्याच्या वर ठळक लिहा. अर्धी घरं अशी आणि अर्धी तशी ठेवलीत तर सोडवणारा बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहितो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सरळ बिनमात्रेचे शब्द वापरावेत: कमळ, बदक, नगर, गवत. सवलत देण्यापेक्षा ते बरं.

उभा_आडवा
भरण्याचा क्रम लिहितो, कारण बहुतेक कोडी इथेच बिघडतात.

आधी पाच आणि सहा अक्षरी शब्द. ९×९ मध्ये असे चार पुरेत. मग त्यांना छेदणारे चार अक्षरी. तीन अक्षरी शब्द शेवटी, कारण मराठीत ते सर्वांत जास्त मिळतात आणि अडचणीत तेच उपयोगी पडतात. दोन अक्षरी आठापेक्षा जास्त नकोत. त्यांना एकच छेद मिळतो आणि कोडं भुसभुशीत होतं.

शब्दांची यादी पहिल्या अक्षराने लावलेली असून उपयोग नाही, तशी तर शब्दकोशातच असते. वही तीन भागांत करा: पहिलं अक्षर अमुक, मधलं अक्षर अमुक, शेवटचं अक्षर अमुक. छेदासाठी सर्वांत लवचिक म्हणजे बिनमात्रेची र, क, स, न, त, ल, म, व, ग, ज. शेवटच्या घरासाठी रा, ता, ना, का, ला, री, की, ळी, णी. ही दहा-वीस अक्षरं छेदावर येतील असं पाहिलंत तर जाळी भरते.

कोपरा अडला तर शेवटचा शब्द बदलून पाहण्यात वेळ घालवू नका. दोन शब्द मागे जा. चूक तिथे असते. आणि अडलं म्हणून काळं घर वाढवू नका, कारण समोरच्या कोपऱ्यातही एक वाढवावं लागतं आणि तिथला चांगला शब्द तुटतो.

चौरस_आहार
जाळीला हात घालण्याआधी शब्दचौकोनावर हात बसवावा. तीन शब्द, तीन ओळी, आडवे वाचा नाहीतर उभे, तेच शब्द यायला हवेत.

क | ल | म
ल | व | ण
म | ण | का

कलम, लवण, मणका. आता नीट बघा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या रेषेवर क, व, का आहेत. ही तीन घरं फक्त एकेका शब्दाची असतात. बाकीची अक्षरं (ल, म, ण) दोन-दोन शब्दांत वाटली जातात. म्हणून काना-मात्रेचं किंवा जोडाक्षर असलेलं घर तिरक्या रेषेवर ठेवायचं आणि बिनमात्रेची अक्षरं बाहेर. वर 'का' असाच बसवलाय. आणखी एक:

का | ग | द
ग | ज | र
द | र | ड

इथे का पहिल्याच घरात आहे. तो दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरात असता तर 'का'ने सुरू होणारा आणि 'का' मध्ये असलेला असे दोन शब्द शोधावे लागले असते.

३×३ मध्ये वाटून घ्यायची अक्षरं ३, ४×४ मध्ये ६, ५×५ मध्ये १०. एका घराने वाढवलं की कष्ट दुप्पट होतात ते यामुळे. चारच्या वर जाण्याआधी तीनचे वीसेक करून पाहा.

सोडवायला एक देतो. पहिला शब्द: शहर. दुसरा: गुरांचा चारा. तिसरा: मौल्यवान खडा.

पाटी_पेन्सिल
नगर, गवत, रतन. दुसऱ्याला आधी 'वैरण' लिहिलं होतं, पण पहिला नगर धरला की दुसरा ग ने सुरू व्हायला हवा.

उभा_आडवा
@पाटी_पेन्सिल, अगदी नेमकं बोट ठेवलंत. 'गुरांचा चारा' या शोधसूत्राला गवत, वैरण, कडबा ही तिन्ही उत्तरं आहेत आणि तिन्ही तीन अक्षरी. चौकोनात सगळी घरं तपासली जातात म्हणून निभावलं. जाळीत हाच शब्द एकाच छेदावर असेल, आणि तो छेद शेवटच्या अक्षरावर असेल, तर आधी बाकीचं कोडं सुटल्याशिवाय निर्णय होत नाही. म्हणून शोधसूत्र लिहिल्यावर त्याच अक्षरसंख्येचे दुसरे शब्द बसतात का हे मुद्दाम शोधायचं. बसत असतील तर सूत्र आवळायचं: 'दूर्वा हा याचाच एक प्रकार'. आता कडबा आणि वैरण गळाले.

सूत्र आणि उत्तर व्याकरणात जुळलं पाहिजे. उत्तर अनेकवचनी तर सूत्र अनेकवचनी. उत्तर क्रियापदाचं णे-रूप तर सूत्रही तसंच, 'सांभाळून ठेवणे' असं. सूत्रात उत्तराचाच धातू नको, 'खेळाडू'साठी 'खेळणारा' लिहिणं म्हणजे उत्तरच सांगणं. कंसात अक्षरसंख्या द्या. आपल्याकडे जोडाक्षर किती घरांचं याचा गोंधळ असतो, तो त्या आकड्याने मिटतो.

हातचा_एक
सरळ अर्थाची सूत्रं ठीक, पण आडवळणाची सूत्रं मराठीत फार सुंदर होतात आणि त्यांचा वापर कमी आहे. काही नमुने देतो, कसं बांधलंय तेही.

'उलटली नदी, झाली गरीब (२)': नदी उलटी वाचली की दीन. अर्थ गरीब. सूत्राचा एक भाग करामत सांगतो (उलटली), दुसरा भाग सरळ अर्थ देतो. मधे फुकटचा शब्द नाही.

'सकाळचं डोकं उडालं, मृत्यू आला (२)': स गेला, काळ उरला.

'काल ताज्या बातमीत दडलेली वेल (२)': का-ल-ता-ज्या, मधे लता. लपवलेला शब्द दोन शब्दांच्या सीमेवर पसरलेला हवा. एकाच शब्दाच्या पोटात ठेवला तर पहिल्या नजरेत सापडतो.

आणि हे आपल्यासारख्या लिपीतच जमतं: 'नवऱ्या मुलाला काना दिला की आघात (२)'. वर, त्याला काना देऊन वार. माळेचा काना काढला की मळ. काना, वेलांटी, अनुस्वार यांची चढउतार ही मराठी कोडेकाराची खास हत्यारं आहेत, त्यांना इंग्रजीत जोड नाही.

पथ्य एकच. करामत सांगून झाल्यावर अक्षरशः तेच अक्षर उरलं पाहिजे. 'जवळपास तसंच ऐकू येतं' हे चालत नाही.

शिसपेन
त्या पथ्यावरून एक. उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या वाक्यांत 'चिमा काय कामाची' आणि 'तो कवी डालडा विकतो' नेहमी दिली जातात. ती घ्यायला हरकत नाही ना?

काना_मात्रा
@शिसपेन, ऐकायला ठीक, घरांत मांडली की तुटतात. चि-मा-का-य-का-मा-ची. पहिलं चि ऱ्हस्व, शेवटचं ची दीर्घ. दुसऱ्यात कवीचं वी दीर्घ आणि विकतोचं वि ऱ्हस्व. 'भाऊ तळ्यात ऊभा' तर 'उभा' चुकीचं लिहिल्याशिवाय जमतच नाही. निर्दोष हवीत तर 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती'. सुटे शब्द म्हणजे नवजीवन, कनक, नमन, सरस, डालडा. वर्गात हाच खेळ घ्यावा: पाच वाक्यं द्या, कुठली खरी आणि कुठली कानाला फसवणारी ते मुलांनी घरं आखून ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घ शिकवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

तोंडी खेळ हवा असेल तर निरोष्ठ घ्या, म्हणजे ओठ मिटणारी अक्षरं टाळून बोलणं. मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण प्रसिद्ध आहे: प, फ, ब, भ, म वर्ज्य. म वर्ज्य म्हटल्यावर 'राम' हे नावच घेता येत नाही, यावरून अवघडपणा कळावा. घरी खेळताना दोन ओठांमध्ये आडवी काडी धरून एक मिनिट बोलायचं. सर्वांत आधी अडतं ते 'मी', कारण मी, आम्ही, तुम्ही, आपण सगळ्यांत ओठ मिटतात. म्हणून तो, ती, ते धरून गोष्ट सांगायची. 'काल रात्री गाडी उशिरा आली' निघून जातं, 'पहाटे' म्हटलं की बाद.

जोडाक्षर
संगणकावर कोडं करणाऱ्यांसाठी इथे थांबून लिहितो, कारण यादी चांगली असूनही कोडं चुकतं.

स्प्रेडशीटमध्ये 'विद्यार्थी'ची लांबी मोजली की १० येते. ते सूत्र अक्षरं मोजत नाही, व, ि, द, ्, य, ा, र, ्, थ, ी अशी सांकेतिक चिन्हं मोजतं. आपल्याला हवेत ३. युनिकोडचे तुकडे पाडण्याचे जुने नियम वापरणारी साधनं वि, द्, या, र्, थी असे ५ देतात, म्हणजे जोडाक्षर हलन्तावर फोडतात. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून नियम सुधारला आणि देवनागरी जोडाक्षर एकसंध राहतं. पण तुमचं साधन कुठल्या आवृत्तीवर आहे हे 'विद्यार्थी' देऊनच तपासा. तीन आले तर पुढे जा. पाच आले तर हलन्तानंतर व्यंजन आलं की मागच्या तुकड्याला जोडण्याची एक पायरी स्वतः घाला.

यादीत दिसायला एकच पण आतून वेगळे शब्द असतात. ॲ दोन प्रकारे टंकला जातो: एक स्वतंत्र चिन्ह, आणि दुसरा अ ला वर चंद्र देऊन. ऱ्या एकदा ऱ वापरून आणि एकदा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्याला फरक नाही, जुळणी मात्र होत नाही, आणि संगणक 'छेद चुकला' म्हणतो. ॲ च्या बाबतीत युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही (वेगळी टंकलेली रूपं एकसारखी करून घेणं) कामाला येत नाही. यादी वापरण्याआधी शोधा-आणि-बदला करून सगळं एकाच रूपात आणा.

रोज एक शब्द ओळखण्याचा जो खेळ २०२१ पासून गाजला, तो मराठीत करतानाही अक्षराचाच प्रश्न येतो. हिरवा म्हणजे अक्षर जागेवर, पिवळा म्हणजे अक्षर आहे पण दुसरीकडे, एवढ्याने मराठी खेळणाऱ्याचं भागत नाही, कारण चारशेच्या वर अक्षरांत नेम लागणार कसा? तिसरी खूण लागते: व्यंजन जागेवर, मात्रा चुकली. उत्तर 'पहाट' आहे आणि कुणी 'पाहणी' टाकलं. पा: व्यंजन बरोबर, काना जास्तीचा. ह: व्यंजन बरोबर, काना हवा. णी: नाही. तिसरी खूण नसती तर तिन्ही घरं राखाडी दिसली असती आणि खेळणारा उत्तराच्या दारातून परत गेला असता.

हातचा_एक
शब्द आणि आकडे जोडणारा प्रकार राहिला: अक्षरांकगणित. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक, दोन अक्षरांना एकच अंक नाही, संख्येच्या सुरुवातीला शून्य नाही. हेन्री ड्यूडनी यांनी १९२४ मध्ये दिलेलं 'सेंड + मोअर = मनी' जगभर माहीत आहे, उत्तर ९५६७ + १०८५ = १०६५२. मराठीत बा आणि ब ही दोन अक्षरं धरायची, म्हणजे दोन वेगळे अंक. हे आधी सांगून टाकायचं.

सोपं: बाबा + बाबा = ममता

बाबा म्हणजे ११ गुणिले बा. दोनदा घेतलं की २२ गुणिले बा. २२ च्या पाढ्यातल्या तीन अंकी संख्या ११०, १३२, १५४, १७६, १९८. पहिले दोन अंक सारखे फक्त ११० मध्ये. बा = ५, म = १, ता = ०.

दुसरं: दादा + दादा + दादा = उदार. आकडेमोड तुम्ही करा.

रचताना चूक होते ती उत्तर एकच आहे का हे न पाहण्यात. 'मामा + मामा' ची बेरीज तीन वेगळ्या अक्षरांची घेतली तर १३२, १५४, १७६ तिन्ही बसतात आणि कोडं निकामी. बेरजेत एक अक्षर पुन्हा आणा, किंवा वरच्या संख्येतलं अक्षर खाली आणा, तरच ते बांधलं जातं.

पाटी_पेन्सिल
३३ चा पाढा: १३२, १६५, १९८, २३१, २६४, २९७. मधला अंक आणि दा सारखा हवा. ९ × ३३ = २९७, दा = ९. उ = २, र = ७. बाकी कुठे जुळत नाही. आकड्यांचा असाच आणखी एखादा खेळ आहे का, जो पाटीवर चालेल?

हातचा_एक
आहे, आणि तो आपल्या देवळालीचा. तिथे शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो.

३५२४: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४.

मुलं चुकतात ती शून्यावर. २१११ घ्या: २१११ − १११२ = ०९९९. पुढचं शून्य टाकून ९९९ लिहिलं की पुढची वजाबाकी ० आणि 'येत नाही' असा निष्कर्ष. शून्य ठेवा: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. घरं चार म्हणजे अंक चार.

चौरस_आहार
तर्ककोड्याचा एक नमुना देतो, तक्ता आखून सोडवायचा. शिंपी, सोनार, सुतार अशी तीन दुकानं. साप्ताहिक सुट्टी सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येकाची वेगळी. पेय चहा, कॉफी, ताक, तेही वेगळं.
१. सोनाराची सुट्टी चहा पिणाऱ्याच्या आधी येते आणि कॉफी पिणाऱ्याची चहा पिणाऱ्याच्या नंतर. (आठवडा सोमवारपासून.)
२. शिंपी आणि सुतार ताक पीत नाहीत.
३. सुताराची सुट्टी बुधवारी नसते.

तक्ता असा: डावीकडे तीन दुकानं, वर तीन वार आणि तीन पेयं, आणि खाली पेयं विरुद्ध वार असा तिसरा तुकडा. बरेच जण हा तिसरा तुकडा आखत नाहीत आणि 'चहा सोमवारी नाही' ही माहिती कुठे लिहायची ते कळत नाही. एक बरोबर मिळालं की त्याच ओळीत आणि त्याच रकान्यात लगेच फुल्या.

शिसपेन
सोनार ताक सोमवार, शिंपी चहा बुधवार, सुतार कॉफी शुक्रवार. पण दुसरं सूत्र अनावश्यक आहे. पहिल्यावरूनच सोनार चहावाला नाही आणि कॉफीवालाही नाही, कारण कॉफी चहाच्या नंतर आणि सोनार चहाच्या आधी. म्हणजे ताक त्याचंच. क्रम ताक, चहा, कॉफी. सुतार बुधवारी नाही, सोमवार सोनाराचा, उरला शुक्रवार.

रचून झाल्यावर एकेक सूत्र झाकून कोडं पुन्हा सोडवावं. झाकूनही सुटलं तर ते सूत्र जास्तीचं. नवशिक्यांसाठी एखादं मुद्दाम ठेवायला हरकत नाही, पण ते कुठलं हे रचणाऱ्याला माहीत असावं.

सुडोकूलाही हाच न्याय. १९७९ मध्ये हॉवर्ड गार्न्स यांनी अमेरिकेत हा प्रकार दिला, जपानमध्ये १९८४ नंतर तो सध्याच्या नावाने रुळला. दिलेले अंक १७ पेक्षा कमी असतील तर उत्तर एकच राहत नाही, हे २०१२ मध्ये संगणकावर सिद्ध झालं. पण १७ पेक्षा बरेच जास्त अंक देऊनही दोन उत्तरं येऊ शकतात. दोन ओळी, दोन रकाने आणि दोनच पेट्या यांत मिळून चार घरं, आणि त्या चारही घरांत २ आणि ७ एवढेच उरले, तर ते आलटूनपालटून बसतात. रचणाऱ्याने त्या चारांपैकी एक अंक उघड करायला हवा.

सोडवणाऱ्यांसाठी एवढंच: शिसपेन्सिलीने घराच्या कोपऱ्यात शक्यता लिहायच्या, पण घरात तीन किंवा त्याहून कमी उरल्यावरच. सगळ्या आधीच लिहिल्या की पान काळं होतं आणि खोडायची राहिलेली एक जुनी शक्यता पुढची वीस घरं चुकवते. एका ओळीत दोन घरांत (२, ७) आणि (२, ७), तिसऱ्यात (२, ५, ७) असेल तर तिसरं ५ च. आणि अंदाज शाईने लिहायचा नाही.

ज्येष्ठ_वाचक
एक प्रश्न. अशा कोड्यांनी स्मरणशक्ती वाढते असं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळे म्हणतात. खरं किती?

जोडाक्षर
@ज्येष्ठ_वाचक काका, ज्याचा सराव कराल त्यात सुधारणा होते, हे पक्कं आहे. ती सुधारणा दुसऱ्या कामांत आपोआप उतरते, याला आधार कमी. २०१० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावरचे खेळ खेळले. त्या खेळांत ते पुढे गेले, न खेळलेल्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. अमेरिकेत ६५ च्या वरच्या २,८३२ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे २००२ चे निष्कर्षही याच बाजूचे: स्मरणाचा सराव केलेल्यांचं स्मरण सुधारलं, तर्काचा केलेल्यांचा तर्क.

म्हणून संघात रोज सुडोकूच ठेवू नका. सोमवारी शब्दकोडं, बुधवारी अक्षरांकगणित, शुक्रवारी तोंडी निरोष्ठ किंवा भेंड्या असं फिरतं ठेवा. आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाने एक शब्दचौकोन रचून आणायचा. रचताना शब्द आठवावे लागतात, तपासावे लागतात, टाकून द्यावे लागतात. सोडवण्यापेक्षा हे काम फार जास्त आहे. कागदावर घर किमान दीड सेंटिमीटरचं ठेवा, जोडाक्षर मात्रेसकट लिहायला तेवढी जागा लागतेच, आणि शोधसूत्रं १६ पॉइंटच्या खाली नकोत.

ज्येष्ठ_वाचक
आभारी आहे. भेंड्यांत ळ आणि ण आला की दर वेळी तंटा होतो.

काना_मात्रा
ळ आला तर ल, ण आला तर न, सुरू करण्याआधी जाहीर करायचं. कारण वर लिहिलंय तेच, त्या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाहीत. जोडाक्षर आलं तर शेवटचं व्यंजन घ्यायचं की अख्खं जोडाक्षर, तेही आधीच ठरवा.

चौरस_आहार
काकांच्या संघासाठी पहिला शब्दचौकोन. तीन शब्द, तीन अक्षरी, एकही मात्रा नाही, एकही जोडाक्षर नाही.
१. आकलन
२. साहाय्य
३. नीट सांभाळ
उत्तर कुणी इथे लिहू नका, शुक्रवारपर्यंत थांबा.